जुन्या पद्धतीचे नवीन खेळ मंडळ, बोरगाव (मेघे)

माणसाने चाळिशी ओलांडली की त्याला आपलं बालपण परत हवं असतं. शासनाकडे यासाठी कोणतीही योजना नसल्यामुळे (चौकशी केलेली आहे) ही जबाबदारी सध्या व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपन्यांनी उचलली आहे, आणि ती त्या चोखपणे पार पाडत आहेत.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तीसेक वर्षांपूर्वी टीव्हीला जोडून खेळायचे खेळ सपाट असत. एक ठेंगणा माणूस डावीकडून उजवीकडे पळायचा, फळ्यांवर उड्या मारायचा, खड्ड्यात पडून मरायचा. त्याला तीन जीव असत. तो असा होता, कारण त्या काळच्या मशीनला त्याहून जास्त काही जमत नव्हतं. आजच्या मशीनला सगळं जमतं. गवताची काडी न् काडी वेगळी हलते, माणसाच्या कपाळावरचा घाम दिसतो. आणि अशा मशीनवर आजचे हुशार लोक नवे खेळ बनवतात, ज्यांत एक ठेंगणा माणूस डावीकडून उजवीकडे पळतो, फळ्यांवर उड्या मारतो आणि खड्ड्यात पडून मरतो.

आमचे मंडळाध्यक्ष श्री. गजेंद्र नाखले यांच्या घरचा कन्सोल एक अब्जाहून अधिक रंग दाखवू शकतो. मंडळाच्या अधिकृत खेळात सोळा रंग आहेत. उरलेले रंग वेळप्रसंगी लागतील म्हणून तयार असतात. गेल्या दोन वर्षांत तसा प्रसंग आलेला नाही. टीव्ही पंचावन्न इंची आहे. खेळात 'जुना टीव्ही' नावाची एक सोय आहे. ती चालू केली की चित्रावर आडव्या रेघा येतात, कडा फुगल्यासारख्या होतात आणि काही नीट दिसत नाही. नीट दिसत नाही म्हणूनच एवढा मोठा टीव्ही घ्यावा लागला. गेल्या मार्चमध्ये खेळाची सुधारित आवृत्ती आली. तिच्यात पडद्यावर गर्दी झाली की खेळ अडखळतो. पूर्वीचं मशीन नाइलाजाने अडखळायचं, नव्याला ते शिकवावं लागलं. अडखळताना त्याला फार ताकद लागते. आतला पंखा जोरात फिरतो.

खेळाचं मूळ नाव लांबलचक इंग्रजी आहे. आम्ही त्याला 'पोस्टमन' म्हणतो, कारण त्यात एक चौकोनी पोस्टमन आहे. त्याला अठ्ठेचाळीस टप्पे ओलांडून डोंगरावरच्या एका घरी पत्र द्यायचं असतं. वाटेत साळिंदरं आहेत.

"बाबा, हा गेम मागच्या वर्षाच्या आधीच्या वर्षी निघाला," गजेंद्रची मुलगी सुरभी एकदा म्हणाली. ती दहावीत आहे. "माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी लहान आहे तो. मग तुमच्या लहानपणीचा कसा?"

हा प्रश्न मंडळाने दप्तरी दाखल करून घेतला आहे.

मी प्रेमदास, मंडळाचा सचिव. एका शाळेत चित्रकला शिकवतो, त्यामुळे रंगांचा विषय माझ्याकडे आहे. तिसरे सदस्य बंडूजी. ते वीज खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झाले. गजेंद्र स्वतः एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे, त्यामुळे मंडळाला नियमावली आहे हे वेगळं सांगायला नको. ती त्याने स्वतःच्या अक्षरात लिहून टीव्हीच्या बाजूच्या भिंतीवर चिकटवली आहे.

नियम पहिला. खेळ मधेच जतन करायचा नाही. नवा कन्सोल प्रत्येक पाऊल आपणहून लक्षात ठेवतो, ती सोय बंद ठेवण्यात आली आहे. मेलं की पहिल्यापासून. आमच्या लहानपणी असंच होतं.

नियम दुसरा. सोफ्यावर बसायचं नाही. टीव्हीपासून दोन फुटांवर सतरंजी टाकून बसायचं. (पंचावन्न इंची टीव्ही दोन फुटांवरून पाहिला की एका वेळी पोस्टमन तरी दिसतो किंवा साळिंदर तरी.)

तिसरा नियम फुंकरीचा. जुनी कॅसेट लागली नाही की आम्ही तिच्यात फुंकर मारत होतो. नव्या खेळाला कॅसेट नाही, तो इंटरनेटवरून येतो. म्हणून सभा सुरू होण्यापूर्वी अध्यक्ष राउटरवर फुंकर मारतात.

चौथा: रिमोटला वायर हवी. नवा रिमोट बिनवायरचा आहे. सबब तो नायलॉनच्या दोरीने कन्सोलला बांधण्यात आला आहे. जोरात ओढला तर कन्सोल खाली पडावा एवढीच दोरीची लांबी ठेवली आहे.

पाचवा नियम भारनियमनाचा, आणि मंडळाला याचा विशेष अभिमान आहे. आमच्या लहानपणी खेळ ऐन रंगात आला की लाइन जायची. आता बोरगावात लाइन क्वचित जाते, गेली तरी इन्व्हर्टर असतो. त्यामुळे खेळात पूर्वीची गोडी राहिलेली नव्हती. म्हणून हॉलमधलं इन्व्हर्टरचं कनेक्शन काढून टाकलं आणि मेन स्विचचा संपूर्ण कारभार बंडूजींकडे सोपवला. 'दर सभेत एकदा, पूर्वसूचना न देता, नेमक्या मोक्याच्या क्षणी' असे नियमाचे शब्द आहेत. बंडूजींनी पस्तीस वर्षं खांबावर चढून लोकांची लाइन जोडून दिली. ती मुद्दाम बंद करण्याचा आनंद त्यांना निवृत्तीनंतर मिळाला. ते दारातल्या मीटरपाशी खुर्ची टाकून बसतात आणि तिथून टीव्हीवर नजर ठेवतात.

सहावा नियम रागावण्याचा. पूर्वी ही सेवा घरोघरी मोफत होती. आता आम्हा तिघांपैकी कोणाचीच आई हयात नाही. सबब शेजारच्या अनुसयाबाईंना विनंती करण्यात आली. त्या पहाटेपासून वाडीतला भाजीपाला काढून बाजारात विकतात आणि संध्याकाळी पाचला परत येतात. येता येता गजेंद्रच्या दारात थांबतात, उरलेली सांभाराची (म्हणजे कोथिंबिरीची) जुडी गजेंद्रच्या बायकोच्या, रंजिताच्या, हातात देतात आणि आत बघून म्हणतात, "मिशा पांढऱ्या झाल्या अन् हे घोडे अजून डबड्यापुढं बसून राह्यले. कामधंदे नाईत का रे?" सुरुवातीला त्यांना काय म्हणायचं ते लिहून द्यावं असं ठरलं होतं. गरज पडली नाही.

सभा दर रविवारी दुपारी दोन ते पाच. कामकाजाच्या शेवटी 'आठवणी' असा विषय असतो. त्यात गजेंद्र दर वेळी एकच आठवण सांगतो.

समुद्रपूरजवळच्या त्यांच्या गावात, शेतातल्या घरी, त्याच्या मोठ्या भावाने, चंद्रभानने, एका दिवाळीला नागपूरहून टीव्ही गेम आणला होता. गजेंद्र तेव्हा तेरा वर्षांचा, चंद्रभान एकोणीसचा. रिमोट एकच चालायचा. भाऊ पहिला खेळायचा, तो मेला की गजेंद्रची पाळी. "आन दादा मुद्दाम मरायचा," गजेंद्र सांगतो. "पहिल्याच खड्ड्यात उडी घ्यायचा. मले खेळता यावं म्हनून. असा भाऊ कोनाले मिळते?" इथे तो रुमाल काढतो. मी नोंदवहीत 'अध्यक्ष भावुक झाले' असं लिहितो. नोंदवहीत हे वाक्य आजवर सत्त्याऐंशी वेळा आलं आहे.

या पार्श्वभूमीवर गेल्या फेब्रुवारीत खुद्द चंद्रभान बोरगावला आला.

त्याच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला होता. पन्नाशीतच झाला. रंजिता सेवाग्रामच्या दवाखान्यात सिस्टर आहे. तिने तारीख घेऊन दिली, मंगळवारची. चंद्रभान शनिवारीच एसटीने आला. सोबत तुरीची डाळ, दोन भोपळे आणि कपड्यांची एक पिशवी. शनिवारी संध्याकाळी गजेंद्र त्याच्याशी मनापासून बोलला. कापूस कसा आहे, वहिनीचे गुडघे कसे आहेत. सातआठ मिनिटं.

दुसऱ्या दिवशी सभा होती. हॉलमध्ये सतरंजी घातली गेली आणि चंद्रभान आतल्या खोलीत रंजितासोबत लसूण सोलत बसला. त्या दिवशी एक महत्त्वाची घटना घडली: बंडूजी आले नाहीत. त्यांच्या साळ्याच्या मुलीचं हिंगणघाटला लग्न होतं. मेन स्विचवर कोणी नसल्यामुळे भारनियमन झालं नाही, आणि मंडळाच्या इतिहासात प्रथमच खेळ एकोणिसाव्या टप्प्याच्या पुढे गेला. तिसावा झाला. पस्तिसावा झाला. गजेंद्रच्या कपाळावर खरा घाम आला. पाच वाजता अनुसयाबाई रागावून गेल्या तेव्हा पोस्टमन एकेचाळिसाव्या टप्प्यात, दोन फळ्यांच्या मधे, हवेत होता. गजेंद्रने खेळ थांबवला. पोस्टमन हवेतच राहिला.

त्यानंतर आठवणी झाल्या. मधलं दार अर्धं उघडं होतं. गजेंद्रने भावाची आठवण सांगितली. त्याचा आवाज चिरका झाला, नाक ओढल्याचा आवाज आला.

आतून चंद्रभानने हळूच विचारलं, "कोन रडून राह्यला, रंजिता?"

"तुमचे भाऊ," रंजिता म्हणाली. "तुमची आठवण आली त्यायले."

चंद्रभानने हातातली लसणाची पाकळी खाली ठेवली. "मंग मी जाऊ का तिकडे?"

"नका जाऊ भाऊजी. सभा हाय."

सभा संपल्यावर पेच उभा राहिला. खेळ जतन करता येत नाही, नियम पहिला. कन्सोल बंद करता येत नाही, कारण मग पार केलेले चाळीस टप्पे गेले. चालू ठेवावा तर कधीही खरोखरची लाइन जाईल, आणि इन्व्हर्टर लावणं नियम पाचप्रमाणे निषिद्ध. उरला एकच मार्ग. लाइन जाण्याच्या आत उरलेले टप्पे पूर्ण करणे. त्यासाठी सलग वेळ हवा होता. गजेंद्रने रजेचा अर्ज लिहिला, मी मसुदा तपासला. 'माझ्या सख्ख्या मोठ्या भावाच्या डोळ्याचे ऑपरेशन असल्याने मला मंगळवार ते गुरुवार अशी तीन दिवसांची किरकोळ रजा मंजूर व्हावी.' त्यात एक शब्दही खोटा नव्हता. कार्यालयीन लेखनाचं हेच सौंदर्य आहे. साहेबांनी अर्ज मंजूर केला आणि वर म्हणाले, असा भाऊ हवा.

मंगळवारी सकाळी आठला चंद्रभान अंघोळ करून, पांढरा सदरा घालून, टोपी मांडीवर ठेवून सोफ्यावर बसला. पुढे सतरंजीवर गजेंद्र. पोस्टमन त्रेचाळिसाव्या टप्प्यात होता. रंजिता सकाळच्या ड्युटीला निघून गेलेली. नऊला दवाखान्यात पोचायचं होतं.

"चाल गजू," चंद्रभान म्हणाला.

"एक मिन्ट दादा. एवढी फळी."

चंद्रभानने फळी पाहिली. त्याला एका डोळ्याने धुरकट दिसत होतं. "हे कोन हाय?"

"पोस्टमन."

"बरं," तो म्हणाला आणि थांबला. साळिंदराने पोस्टमनला मारलं. तीनपैकी एक जीव गेला. गजेंद्रने पुन्हा सुरू केलं. रस्त्यावरून सेवाग्रामकडे जाणारी एक ऑटो गेली, दुसरी गेली. चंद्रभानने टोपी घातली, काढली.

सुरभी शाळेच्या गणवेशात बाहेर आली. त्या दिवशी तिची गणिताची चाचणी होती. ती बापाकडे बघत उभी राहिली, मग तिने दप्तर खुर्चीवर ठेवलं. "चला मोठेबाबा," ती म्हणाली. "मी येते तुमच्यासोबत."

"तुही परीक्षा हाय ना?"

"चाचणी आहे. पुन्हा घेतात."

(घेतली नाही. अनुपस्थित विद्यार्थ्यांच्या यादीत तिचं नाव लागलं. कारण या रकान्यात तिने 'घरगुती' असं लिहिलं, ते बाईंना मान्य झालं नाही.)

ऑपरेशन नीट झालं. मधल्या सुट्टीत रंजिता येऊन बघून गेली. दवाखान्यात सहीच्या वेळी नातं विचारलं तेव्हा सुरभीने पुतणी असं सांगितलं. मुलगा वगैरे कोणी नाही का, असं कोणीतरी विचारलं. चंद्रभान म्हणाला, "भाऊ हाय ना. कामात हाय जरा."

बुधवारी पट्टी निघाली, काळा चष्मा आला आणि थेंबांचं वेळापत्रक आलं. सकाळी आठ, दुपारी बारा, चार, रात्री आठ. सकाळ-रात्र रंजिता बघणार होती. बारा आणि चारची जबाबदारी, रजा मंजूर असल्यामुळे, गजेंद्रकडे आली. रंजिताने कागद लिहून टीव्हीच्या कडेला, नियमावलीशेजारी चिकटवला. "हात धुवून टाकजा," ती म्हणाली. "अन् त्यायले स्वतः टाकू देऊ नका. बोट लागलं तं डोळा जाईन." गजेंद्रने मान हलवली. तो ऐकत नव्हता असं म्हणता येणार नाही. त्याने मान हलवली हे मी पाहिलं.

बुधवारी बारा वाजता चंद्रभान बाटली घेऊन हॉलमध्ये आला. "गजू, थेंब टाकून देतो का?"

"एक मिन्ट दादा."

मी त्या दिवशी शाळेतून लवकर सुटून निरीक्षक म्हणून आलो होतो. एक मिनिट किती वेळ चाललं याची नोंद मी ठेवलेली नाही, कारण मीही पडद्याकडेच पाहत होतो. मधे एकदा मागे वळलो तेव्हा चंद्रभान सोफ्यावर नव्हता. आतल्या खोलीत पलंगावर मान मागे टाकून तो अंदाजाने बाटली दाबत होता. पहिला थेंब गालावर पडला, दुसरा भुवईवर. तिसरा कुठे गेला कळलं नाही. त्याने पंच्याने गाल पुसला, बाटलीचं झाकण लावलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिला.

मी उठायला हवं होतं. पण तेवढ्यात पंचेचाळिसावा टप्पा सुरू झाला.

गुरुवारी पोस्टमन अठ्ठेचाळिसाव्या टप्प्यात पोचला. मी शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली. बंडूजी लग्नाहून परतले होते. बातमी ऐकून तेही साडेतीनला आले, पण आल्या आल्या टीव्हीकडे न जाता आतल्या खोलीत गेले. पाहुण्याला आधी भेटायचं असतं, अशा समजुतीचे ते आहेत.

चार वाजता चंद्रभान दारात आला. काळा चष्मा, हातात बाटली. गजेंद्र उभा राहून खेळत होता, दोरी ताणली गेली होती. डोंगरावरचं घर पडद्यावर दिसायला लागलं होतं. मधे फक्त एक दरी होती.

"गजू, चार वाजले."

"एक मिन्ट दादा, एकच मिन्ट."

चंद्रभान परत आत गेला. बंडूजी आतच होते. त्यांनी त्याला मान मागे टाकताना पाहिलं, थेंब गालावरून सदऱ्यात उतरताना पाहिला.

"रोज असंच टाकून राह्यले का तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"जमते मले," चंद्रभान म्हणाला. "त्याचं महत्त्वाचं काम चालू हाय. तीन दिवसापासून उठला नाई बिचारा."

बंडूजी उठले. ते हॉलमधून, आमच्या पाठीमागून, दाराकडे गेले. मला वाटलं तंबाखू थुंकायला चालले. पोस्टमन दरीच्या काठावर आला. गजेंद्रने श्वास घेतला, बटण दाबलं. पोस्टमनने उडी घेतली.

लाइन गेली.

पंचावन्न इंच काळे झाले. कन्सोलचा पंखा हळूहळू थांबला. खिडक्या बंद असल्यामुळे खोलीत अंधुक झालं आणि तीन दिवसांत पहिल्यांदा बाहेरचा आवाज आत आला. कोणीतरी भंगार विकत घेत फिरत होतं.

गजेंद्रने दाराकडे पाहिलं. बंडूजी मीटरपाशी, खुर्चीवर बसलेले.

"शेवटची उडी होती, बंडूजी," तो म्हणाला. आवाज अगदी बारीक होता.

"पाह्यलं मी. मोक्याचा क्षण म्हनते नियम. तुह्याच अक्षरात हाय." बंडूजींनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "चारवर धा मिन्टं झाले. भावाचा थेंब राह्यला."

नियमानुसार यावर हरकत घेता येत नव्हती.  गजेंद्रने रिमोट खाली ठेवला, मोरीत जाऊन हात धुतले आणि आत गेला. मी खिडकी उघडून दिली, कारण उजेड नव्हता.

चंद्रभानने चष्मा काढला. गजेंद्रने त्याची हनुवटी वर केली. इतक्या जवळून त्याने भावाचा चेहरा बऱ्याच वर्षांत पाहिला नसावा. कानातले केस पांढरे झाले होते. मानेवरची कातडी उन्हाने रापून भेगाळल्यासारखी झाली होती. डोळा लाल होता, पाणी येत होतं. पहिला थेंब पापणीवर पडला. दुसरा आत गेला.

"थंड हाय," चंद्रभान म्हणाला. "मले आतापर्यंत थंड लागलाच नाई. मले वाटलं तसाच असन."

गजेंद्र बाटली हातात धरून पलंगाशेजारी खालीच बसला. मग म्हणाला, "दादा, तू कसा मुद्दाम मरायचा माह्यासाठी. अन् मी."

"काय मुद्दाम?"

"गेममध्ये. पहिल्याच खड्ड्यात."

चंद्रभान हसला. "मुद्दाम नाई रे. मले उडी मारताच येत नव्हती. ते लाल बटन दाबाचं का काळं, आजवर नाई समजलं."

"मंग खेळत काऊन होता?"

"मी वावरातून येऊन बसलो की बाबा तुले काही म्हनत नव्हते. मी उठलो की तुले कामाले लावत होते. म्हनून बसत होतो घटकाभर. पाठ दुखाची, पन बसत होतो."

गजेंद्रने बाटलीचं झाकण लावलं, पुन्हा काढलं. "कधी सांगतलं नाई."

"सांगाचं काय त्याच्यात."

इथे सचिव म्हणून मला एक तांत्रिक बाब विचारावीशी वाटली. रंगांचा विषय माझ्याकडे आहे. मी विचारलं, "दादा, त्या जुन्या गेममध्ये आकाश कोणत्या निळ्याचं होतं, आठवते का? आमच्यात त्यावर दोन वर्षांपासून वाद आहे."

"निळं कुठचं, गुरुजी?" चंद्रभान म्हणाला. "आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता."

मी गजेंद्रकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

पाच वाजता अनुसयाबाई नेहमीप्रमाणे दारात थांबल्या. टीव्ही बंद होता, सतरंजी रिकामी होती, आणि आत गजेंद्र भावाच्या पायाशी भिंतीला टेकून बसला होता. त्यांनी रागवायला तोंड उघडलं आणि मिटलं. "काऊन रे गजू," त्या म्हणाल्या, "तब्येत बरी नाई का तुही?" सांभाराची जुडी ठेवून त्या निघून गेल्या. त्या दिवशीचं रागावणं झालं नाही. रात्री आठला रंजिता आली तेव्हा गजेंद्र थेंब टाकून मोकळा झाला होता. तिने चंद्रभानच्या डोळ्यात टॉर्च मारून पाहिलं आणि कागदावर त्या वेळेपुढे खूण केली. लाइन साडेआठपर्यंत बंदच होती. ती चालू करण्याबद्दल नियमावलीत काही लिहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी गजेंद्र कामावर रुजू झाला, कारण रजा संपली होती. दुपारच्या थेंबासाठी रंजिताने ड्युटी बदलून घेतली. सकाळ-रात्र मात्र गजेंद्रने टाकले, हट्टाने टाकले. शनिवारी दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी डोळा चांगला असल्याचं सांगितलं. रविवारी सकाळी चंद्रभान गावी निघाला, सबब त्या दिवशीची सभा तहकूब ठेवण्यात आली. गजेंद्र त्याला सोडायला वर्ध्याच्या बसस्टँडवर गेला, गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभा राहिला.

"येजो गावाले," खिडकीतून चंद्रभान म्हणाला.

"येतो ना दादा. पुढच्याच रविवारी येतो."

त्याच्या मनात ते खरोखर होतं. पण पुढच्या रविवारी सभा होती.

ती सभा मोठी झाली. चौकोनी पोस्टमन पहिल्यापासून निघाला, नवव्या टप्प्यावर बंडूजींनी लाइन बंद केली. आठवणींचा विषय आला तेव्हा आम्हाला वाटलं, गजेंद्र आज काय सांगणार? जुनी आठवण तर मोडली होती. पण त्याने खाकरून गळा साफ केला आणि म्हणाला, "दादा माह्याकडे डोळ्यासाठी आला होता. मी रजा टाकली. चार-चार वेळा हात धुवून त्याच्या डोळ्यात थेंब टाकत होतो. तो म्हने, गजू, तुह्याच हातचा थेंब थंड लागते. काय दिवस होते ते."

बुधवार सकाळपासून शनिवार रात्रीपर्यंत एकूण सोळा वेळा थेंब टाकायचे होते. त्यांपैकी गजेंद्रच्या हातून सहा वेळा पडले. त्या दिवसांना तेव्हा आठ दिवस झाले होते. पण गजेंद्रचे डोळे खरोखर भरून आले होते, आणि खरं सांगतो, माझेही आले. बंडूजींनीही उपरण्याने नाक पुसलं. फक्त आतल्या खोलीत भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला.

चंद्रभानच्या डाव्या डोळ्यातही आता सुरुवात झाली आहे. डॉक्टरांनी पावसाळ्यानंतर या म्हणून सांगितलं आहे. गजेंद्र त्या दिवसांची आतापासून वाट बघतो आहे. या वेळी फोटो काढून ठेवायचे असं ठरलं आहे.

मंडळाची कीर्ती पसरल्यामुळे नव्या सदस्यांसाठी अर्ज मागवण्यात आले. अर्जात मुख्य प्रश्न एकच ठेवला: 'लहानपणी तुमच्यासाठी कोण हरत होतं?' एकूण चौतीस अर्ज आले. कोणी भाऊ लिहिला, कोणी ताई, कोणी मामा, एकाने आजोबा. सगळे अर्ज वाचनीय आहेत, काहींवर अश्रूंचे डाग आहेत. 'सदर व्यक्तीस शेवटचे कधी भेटलात' हा रकाना चौतीसांपैकी एकतीस जणांनी कोरा सोडला. उरलेल्या तिघांनी एका लग्नाचं नाव लिहिलं.

वाचक या नात्याने आपणही अर्ज करू शकता. पात्रतेची तपासणी करण्याचं कारण नाही. चंद्रभान पलंगावर मान मागे टाकून बसला तेव्हा आपल्याला कोणीतरी आठवलं, हे मंडळ गृहीत धरून चालतं. आज-उद्या त्यांना फोन करावा असंही आपल्या मनात येऊन गेलं असेल. मंडळाचा अनुभव असा की आपण फोन करणार नाही. आपण ही गोष्ट त्यांना मोबाइलवर पाठवून द्याल. ते ती उघडणार नाहीत, लांब आहे. तिकडून हात जोडल्याचं चित्र येईल, आपण खाली एक अंगठा लावाल, आणि दोन्ही बाजूंना दिवसभर फार बरं वाटेल.